माउंटन बाइक हलकी करताना : ब्रेक आणि ड्राइव्हट्रेनची निवड

माउंटन बाइकचा इतिहास ब्रेक आणि गिअर यांच्या अडचणींपासूनच सुरू होतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात, १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या श्विन सायकली घेऊन उतारांवर सुटत. वणवा विझवणारे बंब नेता यावेत म्हणून तिथे काढलेले कच्चे रस्ते हेच त्यांचे मैदान. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी अशाच एका रस्त्यावर पहिली शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरांच्या आतबाहेर अंतरात सुमारे ४०० मीटर खाली नेणारा तो उतार होता. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या पोटात असे आणि पायडल उलटे दाबले की लागे. पायथ्याशी पोचेपर्यंत हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर निघे, आणि पुढच्या फेरीआधी हब खोलून नवे ग्रीस भरावे लागे. उताराला ‘रीपॅक’ हे नाव पडले ते यावरूनच. चढावर तर आणखी पंचाईत: २० किलोंच्या घरातले ते धूड आणि गिअर एकच, त्यामुळे सायकल ढकलत न्यायची. गॅरी फिशर यांनी अशा सायकलीला ड्रम ब्रेक आणि गिअर बदलणारे डिरेलर जोडले, जो ब्रीझ यांनी पुढे खास या कामासाठी नवी फ्रेमच घडवली, आणि १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर दुकानांत आली.

त्यानंतरच्या चार दशकांत सायकलीचे हेच दोन अवयव सर्वाधिक बदलले. रिमला बाजूंनी दाबणारे कँटिलिव्हर ब्रेक गेले. १९९६मध्ये शिमानोने आणलेल्या व्ही-ब्रेकने त्यांची जागा घेतली. पाठोपाठ तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक आले आणि डोंगरी सायकलीवर कायमचे स्थिरावले. गिअरच्या बाबतीत उलटा प्रवास झाला. पुढे तीन आणि मागे आठ, नऊ, दहा अशा चकत्या वाढत गेल्या आणि २०१२मध्ये स्रॅमच्या एक्सएक्स१ संचाने पुढची एकच चकती ठेवून मागे ११ दिल्या. २०१६च्या ईगल संचाने मागे १०पासून ५० दात्यांपर्यंत १२ चकत्या बसवल्या. २०१८मध्ये शिमानोचा एक्सटीआर १० ते ५१ दात्यांचा संच घेऊन आला. आज नवी माउंटन बाइक घेणाऱ्याला हे सारे आयतेच मिळते. जुनी किंवा मध्यम दर्जाची सायकल हाताशी असेल, तिची फ्रेम चांगली असेल आणि ती थोडी हलकी, थोडी नेमकी करायची असेल, तर मात्र निवड स्वतः करावी लागते. हे विवेचन त्याच निवडीबद्दल आहे.

आधी वजनाचा हिशोब. चालक, त्याचे पाणी आणि हत्यारे मिळून ८० किलो आणि सायकल १५ किलो धरली, तर डोंगरावर ९५ किलो चढवायचे असतात. त्यातून पूर्ण एक किलो कमी केला तरी घट एक टक्क्याहून किंचित जास्त. तासाभराच्या चढाला त्याने फार तर ३५-४० सेकंद वाचतात. शर्यतीत उतरणाऱ्याला ही सेकंदे मोलाची; सुट्टीच्या दिवशी डोंगरवाटा धुंडाळणाऱ्याला ती जाणवणारही नाहीत. फिरणाऱ्या भागांचे वजन दुप्पट महत्त्वाचे असते, असे दुकानात हमखास ऐकायला मिळते. ते खरे आहे टायर आणि रिमच्या बाबतीत, आणि तेही वेग वाढवण्याच्या क्षणापुरते. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि रोटर (डिस्क ब्रेकची चकती) अक्षाजवळ फिरतात, त्यामुळे त्यांना तो नियम जवळजवळ लागूच पडत नाही. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत हलक्या कॅसेटचा एक वेगळा फायदा असतो: मागच्या चाकाशी बांधलेले वजन घटले की चाक खडबडीत जमिनीला अधिक चपळाईने धरून राहते.

म्हणून ब्रेक आणि ड्राइव्हट्रेन या दोहोंना वजनाचा एकच काटा लावता येत नाही. ड्राइव्हट्रेनमध्ये नको असलेले भाग काढून टाकता येतात आणि तिथे वजन निर्धास्तपणे उतरते. ब्रेकमध्ये असा फालतू भाग जवळपास नसतोच. तिथे वजन कमी करायचे म्हणजे धातू पातळ करायचा, आणि तो धातू उष्णता पेलण्याचे काम करत असतो.

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे यंत्र. रीपॅकच्याच उताराचे गणित मांडले, तर ९५ किलो वजन ४०० मीटर खाली येताना सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. लिटरभर गार पाणी उकळायला लागते त्याहून ही थोडी जास्तच. काही भाग वाऱ्यात आणि टायरांत जिरतो, उरलेली ऊर्जा दोन रोटरांवर येते. १६० मिलिमीटर व्यासाचा साधा पोलादी रोटर ११० ग्रॅमांच्या आसपास भरतो. त्याचे तापमान एक अंशाने वाढायला जेमतेम ५५ ज्यूल पुरतात. पुढच्या रोटरवर १०० किलोज्यूल आले आणि ती उष्णता बाहेर पडलीच नाही, तर हिशोबाने तापमान १,८०० अंशांवर जाईल, म्हणजे पोलाद वितळण्याच्याही पुढे. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण रोटर सतत हवेला उष्णता देत असतो. त्यासाठी त्याला पृष्ठभाग हवा आणि थोडे तरी वस्तुमान हवे. मोठमोठी भोके पाडलेले, जाळीसारखे दिसणारे अतिहलके रोटर नेमक्या याच दोन गोष्टी गमावतात. ते लवकर तापतात, लवकर वाकतात आणि घासल्याचा आवाज करू लागतात. हलक्या शरीराच्या क्रॉस-कंट्री शर्यतपटूला ते चालून जातात. इतरांनी त्यांच्या वाटेला न जाणे बरे.

उलट, रोटरचा व्यास वाढवणे हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक बदल आहे. लिव्हरवर तेवढाच जोर देऊन १६०ऐवजी १८० मिलिमीटरच्या रोटरवर सुमारे साडेबारा टक्के आणि २०३च्या रोटरवर सुमारे २७ टक्के जास्त रोध मिळतो, कारण पॅड अक्षापासून तितके दूर पकड घेतात. १६०वरून १८०वर जाताना वजन वाढते ते ३० ग्रॅमांच्या आसपास. ब्रेक लावताना भार पुढे झुकतो आणि रोधाचा मोठा वाटा पुढचे चाक उचलते, म्हणून मोठा रोटर आधी पुढे बसवावा. पुढे १८०, मागे १६० ही जोडी बहुतेक हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या, सायकलींना पुरेशी होते. फोर्क आणि फ्रेम किती व्यासापर्यंतचा रोटर पेलतात, हे त्यांच्या उत्पादकाने ठरवून दिलेले असते. ती मर्यादा ओलांडली तर फोर्कच्या पायावर येणारा ताण त्याच्या बांधणीबाहेरचा असतो.

मध्यम किमतीच्या अनेक सायकलींवर केबलने ओढले जाणारे डिस्क ब्रेक येतात. ते तेलाच्या दाबावरच्या हायड्रॉलिक ब्रेकने बदलणे ही कोणत्याही सायकलीची पहिली सुधारणा मानायला हरकत नाही. लिव्हरपासून पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत रोटरवगळता एका चाकाचा साधा हायड्रॉलिक ब्रेक २५० ते ३०० ग्रॅमांत बसतो, म्हणजे केबलच्या ब्रेकपेक्षा जड तर नक्कीच होत नाही. त्यात पॅड झिजतील तसे पिस्टन आपोआप पुढे सरकतात, आणि एका बोटाच्या जोरावर ब्रेक लागतो. उरलेली तीन बोटे हँडल धरायला मोकळी राहतात. लांब उतारावर या तीन बोटांची किंमत कळते. याहून वरच्या श्रेणीत मॅग्नेशियम, कार्बन आणि टायटॅनियम वापरून वजन २०० ग्रॅमांच्या जवळ आणलेले असते. दोन्ही चाके मिळून १००-१५० ग्रॅम वाचतात आणि किंमत दुपटी-तिपटीने चढते. तेच पैसे चार पिस्टनच्या पुढच्या कॅलिपरवर घातले, तर चाकामागे ५० ग्रॅमांच्या आसपास वजन वाढते, पण पॅडचे क्षेत्रफळ वाढते, उष्णता जास्त जागेत पसरते आणि हात थकत नाहीत. वजनदार चालकाने किंवा पाठीवर सामान घेऊन डोंगर उतरणाऱ्याने दुसरा पर्यायच घ्यावा.

तेलाचा प्रश्न खरेदीच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही, आणि देखभालीच्या वेळी तोच सगळ्यांत आधी उभा राहतो. शिमानो आणि मागुरा यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात. होप, हेज आणि स्रॅमची बहुतेक जुनी मॉडेले डॉट द्रवावर. एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचा द्रव घातला तर आतली रबरी सील फुगतात किंवा गळू लागतात आणि ब्रेक निकामी होतो. डॉट द्रव हवेतला ओलावा शोषतो. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरच्या चार महिन्यांच्या दमट हवेत ही घसरण अधिक लवकर होते, त्यामुळे पावसाळा संपल्यावर डॉट द्रव बदलण्याची सवय ठेवावी. खनिज तेल पाणी शोषत नाही, पण चुकून आत शिरलेले पाणी त्यात विरघळतही नाही. ते कॅलिपरच्या तळाशी साचते आणि १०० अंशांवर उकळते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून वाफ झाली की लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. थोडक्यात, दोन्ही प्रकार चांगले. ज्याचे तेल आणि ब्लीडिंगचे (ब्रेकमधली हवा काढून द्रव भरण्याचे) साहित्य आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात सहज मिळते, तो जास्त चांगला.

पॅड दोन मुख्य प्रकारांचे. रेझिनचे पॅड शांत असतात, थंड असतानाही लगेच पकडतात आणि रोटरला जपतात. धातूची भुकटी भाजून केलेले सिंटर्ड पॅड जास्त उष्णता सहन करतात, ओल्यात टिकतात, पण आवाज करतात. जांभ्याचा लाल चिखल आणि बेसाल्टची बारीक कच यांत रेझिनचे पॅड एखाद्या लांब फेरीतच संपू शकतात. पावसात फिरणाऱ्याने सिंटर्ड घ्यावेत. मात्र स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असते. त्यांचे पोलाद मऊ असते आणि धातूचे पॅड ते खरवडून काढतात. रोटर बसवण्याच्याही दोन रीती आहेत, सहा बोल्टची आणि सेंटरलॉकची. सेंटरलॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टचा रोटर बसतो, उलटे करता येत नाही.

ड्राइव्हट्रेनकडे वळताना एक नेहमीचे उदाहरण समोर ठेवलेले बरे. २९ इंची चाकांची ॲल्युमिनियमची हार्डटेल, पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या तीन चकत्या, मागे ११ ते ३२ दात्यांची आठ चकत्यांची कॅसेट. कागदावर २४ गिअर. पण त्यांतले कित्येक एकमेकांच्या इतके जवळ असतात की वेगळे म्हणण्यात अर्थ नसतो, आणि काही जोड्यांत साखळी इतकी तिरकी पडते की त्या वापरूच नयेत. शिवाय ऐन चढावर पुढचा गिअर बदलताना साखळी अडकणे किंवा आत पडणे हा या रचनेचा जुना रोग आहे. पुढे एकच चकती ठेवली की पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर, त्याची केबल आणि दोन चकत्या सायकलीवरून उतरतात. ३०० ते ५०० ग्रॅम कमी होतात आणि डाव्या अंगठ्याचे काम संपते. मागे मोठी कॅसेट लागते, ती २००-३०० ग्रॅम परत घेते. तरीही व्यवहार फायद्याचा ठरतो, कारण बिघडू शकणारे भागच कमी होतात.

गिअरचा हिशोब दात्यांवरून सोपा होतो. २९ इंची चाकाचा परीघ साधारण २.३ मीटर. जुन्या संचात सर्वांत हलका गिअर २४ भागिले ३२, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल १.७ मीटर पुढे जाते. पुढे ३२ आणि मागे ४६ दाते घेतले तर हे अंतर १.६ मीटर, पुढे ३० घेतले तर दीड मीटर. म्हणजे चढावर काही गमवावे लागत नाही, उलट सोपेच होते. गमावले जाते ते सपाटीवर. ४२ आणि ११ दात्यांवर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या की वेग ताशी ४७ किलोमीटर पडतो. ३२ आणि ११वर तो ३६वरच थांबतो. पुण्याहून डांबरी रस्त्याने तासभर सायकल मारून मग डोंगराच्या पायथ्याला लागणाऱ्याला ही उणीव खुपू शकते. त्याने पुढे ३४ दात्यांची चकती घ्यावी किंवा पुढे दोन-तीन चकत्यांचा जुना मार्ग तसाच ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही. ज्याची सायकल गाडीवर लादून थेट पायवाटेपर्यंत जाते, त्याने एका चकतीबद्दल शंका धरू नये.

इतके ठरले की मागचा हब तपासायचा, आणि तो खरेदीच्या आधी. स्वस्त सायकलींच्या हबवर आट्यांनी घट्ट बसणारे फ्रीव्हील असते. त्यावर कॅसेट बसत नाही, चाक किंवा निदान हब बदलावा लागतो. कॅसेटच्या हबमध्ये शिमानोचा जुना एचजी साचा सर्वांत जास्त आढळतो. त्यावर सर्वांत लहान चकती ११ दात्यांची बसते. शिमानोच्या डिओर मालिकेतल्या ११-४६ची दहा चकत्यांची आणि ११-५१ची अकरा चकत्यांची कॅसेट, तसेच स्रॅमची ११-५०ची बारा चकत्यांची एनएक्स कॅसेट या साच्यावर चालतात. दहा दात्यांची चकती हवी असेल, तर स्रॅमचा एक्सडी किंवा शिमानोचा मायक्रोस्प्लाइन साचा लागतो. पुष्कळांची खरेदी इथेच फसते: कॅसेट घरी येते आणि हबवर चढत नाही.

कॅसेट हा ड्राइव्हट्रेनमधला असा एक भाग आहे की जिथे पैशाने वजन सरळ विकत मिळते. शिमानोच्या १०-५१ दात्यांच्या बारा चकत्यांच्या चार कॅसेट शेजारी ठेवल्या तर डिओर ५९०, एसएलएक्स ५३०, एक्सटी ४७० आणि एक्सटीआर ३७० ग्रॅमांच्या आसपास भरते. दाते तेवढेच, गिअर तेच. फरक धातूचा: डिओर सगळी पोलादी, वरच्या श्रेणीत मोठ्या चकत्या ॲल्युमिनियमच्या होत जातात आणि एक्सटीआरमध्ये टायटॅनियमही येते. पण ॲल्युमिनियम पोलादापेक्षा लवकर झिजते आणि सह्याद्रीच्या तीव्र चढांवर नेमकी सर्वांत मोठी चकतीच सर्वाधिक वापरात राहते. एसएलएक्स किंवा एक्सटीपाशी थांबणे बहुतेकांना हितावह; त्यापुढचे १०० ग्रॅम फार महाग पडतात.

वजनाच्या दृष्टीने दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे पायडल आणि पुढच्या चकत्या धरणारा क्रँक. चौकोनी टोकाच्या भरीव अक्षावर पोलादी चकत्यांसह बसवलेला साधा क्रँक आणि त्याचा बॉटम ब्रॅकेट काढून पोकळ, जाड अक्षाचा एका चकतीचा क्रँक घातला, तर अर्धा किलोच्या जवळपास वजन उतरते आणि उभे राहून जोर देताना आधी जाणवणारी लवचिकताही नाहीशी होते. फ्रेमच्या ब्रॅकेटच्या नळीची रुंदी आणि आटे आधी मोजून घ्यावेत. नव्या चकतीची साखळीरेषाही (फ्रेमच्या मध्यापासूनचे तिचे अंतर) मागच्या कॅसेटच्या मध्याशी जुळावी, नाहीतर मोठ्या चकतीवर साखळी कुरकुरत राहते.

एका चकतीची रचना टिकते ती दोन बारकाव्यांमुळे. साखळीत बाहेरच्या पट्ट्यांची आणि आतल्या पट्ट्यांची कडी आळीपाळीने येते. बाहेरच्या कडीतली फट रुंद, आतल्या कडीतली अरुंद. एका चकतीच्या रचनेतल्या पुढच्या चकतीचे दातेही तसेच आळीपाळीने जाड आणि बारीक घडवलेले असतात. जाड दाता रुंद फटीत अचूक भरून बसतो, त्यामुळे खडकावर आपटले तरी साखळी बाजूला सरकायला जागाच उरत नाही. दुसरा बारकावा मागच्या डिरेलरमधल्या क्लचचा. तो डिरेलरच्या पिंजऱ्याला पुढे झुलू देत नाही आणि साखळी ताणलेली ठेवतो. साध्या दात्यांची जुनी चकती आणि क्लच नसलेला डिरेलर ठेवून फक्त पुढचा डिरेलर काढून टाकणारे पुष्कळ असतात. पहिल्याच खडकाळ उतारावर त्यांची साखळी पडते.

शिफ्टर आणि मागचा डिरेलर एकाच कंपनीचे आणि एकाच पिढीचे घ्यावेत. शिफ्टर एका टिचकीत किती केबल ओढतो, हे माप कंपनीगणिक आणि पिढीगणिक बदलते. शिमानोचे दहा चकत्यांचे रोडबाइकचे आणि माउंटन बाइकचे भागसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. बिनतारी विजेचे संच २०१९पासून उपलब्ध आहेत आणि गिअर अचूक बदलतात, मात्र मोटर आणि बॅटरीमुळे त्यांचा डिरेलर जडच असतो. वजन उतरवण्यासाठी ते घेऊ नयेत.

बसवताना तीन मापे चुकवू नयेत. डिरेलर ज्या हँगरवर टांगतात तो सरळ आहे का, हे गेजने तपासावे; बारा चकत्यांत एक-दोन मिलिमीटरचा वाकही गिअर बिघडवतो. साखळीची लांबी पुढच्या चकतीवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून, डिरेलर वगळून, मोजावी आणि त्यात उत्पादकाने सांगितलेल्या कड्या वाढवाव्यात. डिरेलरची वरची कप्पी आणि मागची सर्वांत मोठी चकती यांतले अंतर डिरेलरच्या बी-स्क्रूने जुळवावे. सस्पेन्शनच्या सायकलीत हे चालक बसलेला असताना पाहावे. नवे पॅड आणि रोटर असतील तर सपाट जागी ताशी २० किलोमीटरपर्यंत वेग घेऊन, चाक न अडवता, चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावावा आणि हे पंधरा-वीस वेळा करावे. पॅडचा पातळ थर रोटरवर समान बसल्याशिवाय ब्रेक पूर्ण पकडत नाही. साखळी मात्र नेहमी मोजत राहायची असते. अकरा-बारा चकत्यांच्या संचात झीज अर्ध्या टक्क्यावर आणि आठ-नऊ-दहा चकत्यांच्या संचात पाऊण टक्क्यावर पोचली की ती बदलावी. वेळेवर बदलल्यास एकाच कॅसेटवर दोन-तीन साखळ्या निघतात. उशीर केल्यास साखळीबरोबर कॅसेट आणि पुढची चकतीही नवी घ्यावी लागते.